नऊचा भोंगा

मक्याच्या शेतांनी वेढलेल्या डोब्राव्हा गावात रोज रात्री नऊला भोंगा वाजतो. आगीच्या बंबाच्या खोलीच्या छपरावर तो बसवलाय आणि त्याचा आवाज असा की नदीपलीकडच्या गाईसुद्धा चरायचं सोडून माना वर करतात. मार्लिस कुबिचेक लहान होती तेव्हा त्या भोंग्याचं बटण तिचा बाप दाबायचा. एमिल त्याचं नाव. दिवसभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि रात्री जेवण झालं की टोपी घालून बंबाच्या खोलीकडे निघायचा. तेव्हा भोंग्याचा अर्थ एवढाच होता की पोरांनो, खेळ आवरा, पाय धुवा आणि झोपा. एखाद्याला उशीर झाला तर त्याची आई ओरडायची आणि प्रकरण तिथेच मिटायचं.

अठराच्या आतल्या मुलांनी नऊनंतर एकट्याने बाहेर फिरू नये असा कायदा गावात तेव्हाही होता. पण तो कपाटात होता आणि कपाटात सुखी होता. मग व्हर्न डंकलाऊच्या शेडच्या काचा फुटल्या.

व्हर्न डंकलाऊविषयी आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस वाईट नव्हता असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. चर्चला रंग त्याने दिला, बेसबॉलच्या पोरांना टोप्या त्याने दिल्या, आणि दिल्याचं कुणाला विसरू दिलं नाही. नगर समितीवर तो इतकी वर्षं होता की त्याच्या खुर्चीला त्याचा आकार आला होता. आणि उन्हाळ्यात बियाणं कंपनीच्या मक्याचे तुरे खुडायला गावची पोरं बसमध्ये भरून न्यायचा ठेकाही त्याचाच.

हे तुरे खुडणं म्हणजे मोठी घाईची गोष्ट. बियाण्याच्या मक्यात मादीच्या, म्हणजे बी धरायच्या, ओळींचे तुरे पराग सांडायच्या आत हाताने उपटावे लागतात. एकदा पराग सांडला की ते शेत बियाण्यातून बाद, आणि ठेकेदाराचे पैसे बुडाले. मग तो मका डुकरांपुढे टाकायचा. बारावं सरलं की डोब्राव्हातलं प्रत्येक पोर जुलैत पहाटे पाचला शाळेच्या आवारात उभं राहतं. हातात पाण्याचा मोठा थर्मास, आणि दवाने भिजू नये म्हणून अंगात कचऱ्याची काळी पिशवी, तिला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडलेली. मार्लिसने हे केलं होतं, तिच्या बापाने केलं होतं. त्याला तिथे कुणी काम म्हणतच नाही. उन्हाळा आला की तुरे आले, एवढंच.

तर काचा फुटल्या ऑक्टोबरात. ट्रॅव्हिस नावाच्या नव्या पोलीस पोराने चार जण धरले, तर एक म्हणे मी कामावरून येत होतो, दुसरा म्हणे आईचं औषध आणायला निघालो होतो, तिसऱ्याची मावशी आजारी होती. कायद्यात या सगळ्याला सूट होती. चौघेही हसत घरी गेले. व्हर्नच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“कायद्याला भोकं आहेत,” तो समितीत म्हणाला. “पोरं त्यातनं निसटतात. भोकं बुजवा.”

आणि बुजवली. काम खोडलं, आईबापांनी सांगितलेलं काम खोडलं, तातडीची गरज खोडली. आईबाप सोबत असतील तरच सूट. संचारबंदी पहाटे पाचला संपायची ती सकाळी सातपर्यंत ओढली, कारण व्हर्नच्या मते पहाटे हिंडणारी पोरं रात्री हिंडणाऱ्यांपेक्षा बनेल. आणि शेवटी एक कलम घातलं: सापडलेलं मूल नगरघरात, म्हणजे समितीच्या कचेरीत, बसवून ठेवायचं आणि फक्त आईच्या किंवा बापाच्या हातात सोडायचं. तीन बैठकांत तीनदा वाचलं, तीनदा हात वर झाले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. जुलै कुणाच्या डोक्यातही नव्हता.

एप्रिलमध्ये एमिल कुबिचेक वृद्धाश्रमात शेवटच्या दुखण्याला लागला.

मार्लिसचा नवरा कधीच निघून गेला होता आणि तिने बापाचं आडनाव परत लावलं होतं. घरात ती आणि सोळा वर्षांची केल्सी. मार्लिस डुकराच्या मांसाच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जायची, ती मध्यरात्रीनंतर परतायची. फोन लॉकरमध्ये ठेवून आत जायचं असा तिथला नियम. केल्सीला तिच्या डेडाने वाढवलं होतं म्हटलं तरी चालेल. डेडा म्हणजे आजोबा. झेक बोलणारी माणसं संपत आली तरी तो एक शब्द त्या घरांतून गेला नाही. सायकल त्याने शिकवली, पत्त्यांत लबाडी कशी करायची तेही त्यानेच शिकवलं.

त्या रात्री भोंगा होऊन गेल्यावर वृद्धाश्रमातून घरी फोन आला. नर्स म्हणाली, “बाळा, आईला कारखान्यात निरोप पोचत नाहीये. डेडा तुझं नाव घेतोय. येता येईल का?”

केल्सीने सायकल काढली. धान्याच्या कोठारापाशी ट्रॅव्हिसच्या गाडीचा दिवा तिच्या तोंडावर पडला. तिने सांगितलं कुठे चाललेय ते. ट्रॅव्हिस नवा, घरात तान्हं बाळ, नोकरी पक्की व्हायची बाकी. त्याने तिला नगरघरात नेलं, भिंतीकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि व्हर्न डंकलाऊला फोन लावला. फोन ठेवल्यावर केल्सीला म्हणाला, “बस. तुझी आई येईपर्यंत बसावं लागेल.”

पाळी सुटल्यावर मार्लिसने लॉकर उघडला, फोन पाहिला आणि ती धावत सुटली. नगरघरात पोचली तेव्हा केल्सी तशीच खुर्चीवर बसलेली होती, सायकलचं हेल्मेटही काढलेलं नव्हतं. दोघी वृद्धाश्रमात गेल्या. एमिलच्या तोंडावर चादर ओढलेली होती. नर्स म्हणाली, “दाराकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.”

मातीच्या दिवशी व्हर्न डंकलाऊ घरी आला, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला हॅमचा तुकडा. “मार्लिस,” तो म्हणाला, “मला एवढंच कळलं होतं की एक पोरगी सापडलीय. कोण, कुठे चाललीय, काही नाही. एमिलचं कळलं असतं तर मी स्वतः गाडी काढली नसती का?”

मार्लिसने हॅमच्या वेष्टनावरचा शिक्का पाहिला. तिच्याच कारखान्यातला होता, कदाचित तिच्याच हातून गेलेला. व्हर्न गेल्यावर तिने तो शेजारच्या कुत्र्याला घातला. कुत्रा तरी खूश झाला.

इथवर झालं असतं तर कदाचित तिने गिळलं असतं. पण व्हर्नला कॉफीच्या दुकानात गप्पा मारायची सवय. तिथे तो म्हणाला, “त्या वयाच्या पोरींचा आजोबा रोज रात्री नऊनंतर मरायला टेकलेला असतो. कोठारापाशी कोण उभं होतं ते विचारा म्हणावं.” बस, एवढंच. बाकी गावाने पुरवलं. आठवडाभरात कोठारापाशी एक मुलगा उभा राहिला, दुसऱ्या आठवड्यात त्याला मोटारसायकल मिळाली. शेजारची बेव्ह मार्लिसला कुंपणावरून म्हणाली, “मी काही विश्वास ठेवत नाही हो, पण लोक बोलतात.” जिभेला हाड नसलेल्या बायका असंच सुरू करतात.

केल्सीने त्या रात्रीविषयी एक अक्षर काढलं नाही. व्हर्न फोनवर काय बोलला असं मार्लिसने तीनदा विचारलं, तीनदा पोरगी उठून आत गेली. ट्रॅव्हिसला विचारलं तर तो बुटांकडे बघत म्हणाला, “मी काय सांगू, मिसेस कुबिचेक.” संध्याकाळचं जेवण झालं की केल्सी दार लावून बसायची. मैत्रिणी आल्या तरी नाही. भोंगा झाला की कानांवर उशी घ्यायची. ज्या भोंग्याच्या आवाजावर मार्लिस लहानपणी निवांत झोपायची, त्याच आवाजाला तिची मुलगी दचकत होती, हे मार्लिसला सोसवेना. पोरीवरचा हा डाग धुवायचा आणि व्हर्नला त्याच्याच तोंडचे शब्द खायला लावायचे, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

मे महिन्याच्या बैठकीला ती सुटी टाकून गेली. तातडीची सूट परत घाला, एवढीच तिची मागणी.

व्हर्न खूप समजुतीने बोलला. तो समजुतीने बोलायला लागला की समजावं, आता काही मिळत नाही. “मार्लिस, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण एकाला दार उघडलं की सगळे आत येतात. कुणाचंही मूल असो, कशालाही निघालेलं असो, नऊ ते सात बाहेर दिसलं तर बसवायचं. अपवाद नाही.”

आणि तेवढ्यात मार्लिसच्या डोक्यात सातचा आकडा वाजला. नऊ ते सात. शाळेचं आवार, पहाटे पाच, काळ्या पिशव्या. तिने टेबलाची कड धरली.

“कशालाही निघालेलं असो?” तिने अगदी गरीब आवाजात विचारलं.

“कशालाही.”

“कामाला निघालं असलं तरी?”

“कामाला असो, चर्चला असो.”

“म्हणजे आईबाप येईपर्यंत सोडायचं नाही.”

“अगं, किती वेळा सांगू? नाही सोडायचं.”

“मग हे सगळं बैठकीत म्हटलंस तसंच लिहून घे बाबा,” मार्लिस म्हणाली, “म्हणजे पुन्हा कुणी माझ्यासारखं येऊन तुमचा वेळ खाणार नाही.”

समितीला ते फार समजूतदार वाटलं. व्हर्नने तिच्या खांद्यावर थोपटलं. तो थोपटलेला खांदा घेऊन ती घरी आली आणि त्या रात्री बाप गेल्यापासून पहिल्यांदा नीट झोपली.

पुढचे दिवस तिने वाट पाहण्यात घालवले, आणि खरं सांगायचं तर ते तिला गोड लागले. कारखान्यात पट्ट्यावरून मांस सरकायचं आणि ती मनात मका वाढवायची. मका गुडघ्याला लागला, कमरेला लागला. जुलै उजाडल्यावर ती पाळीला जाताना रोज वाट वाकडी करून नदीकाठच्या मोठ्या शेतावरून जायची. गाडी थांबवायची, उतरायची, एक पोगा, म्हणजे शेंड्याचा गुंडाळलेल्या पानांचा कोंब, सोलून आत बघायची. तुरा कुठवर आलाय हे बघायला तिला कुणाची शिकवण नको होती. गावातल्या कुठल्याही बाईला नको असते. व्हर्नच्या बसमधली पोरं आधी वरच्या बाजूची शेतं खुडत होती, रोज पहाटे पाचला निघत होती आणि सातचा नियम कुणालाच आठवत नव्हता. नदीकाठचं सगळ्यात मोठं, आणि तो तिथे शेवटी येणार. उन्हाळा असा तापला होता की तुरे रांगेत उभे राहिल्यासारखे एकदम वर आले. एका बुधवारी तिने पोगा सोलला आणि तुऱ्याच्या टोकाला पिवळी झाक दिसली. उद्या दव वाळलं की पराग सुटणार. कंपनीचा तपासनीस उद्या संध्याकाळी येणार हे तर कॉफीच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, व्हर्ननेच सांगितलेलं.

ती तडक ट्रॅव्हिसकडे गेली. तो गाडीत बसून सँडविच खात होता.

“ट्रॅव्हिस, तू कायदा पाळतोस ना?”

त्याचा घास तोंडातच राहिला. “म्हणजे?”

“उद्या पहाटे पाचला शाळेच्या आवारात अठराच्या आतली चाळीस-पन्नास पोरं उभी असणार. आईबाप सोबत नसतील. मी तक्रार देतेय.”

 ट्रॅव्हिसच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. एप्रिलपासून हा पोरगा नीट झोपला नसावा असं मार्लिसला पहिल्यांदाच वाटलं.

“व्हर्न तुला कामावरून काढेल,” ती म्हणाली.

“त्यांचाच कायदा लावला म्हणून?” ट्रॅव्हिसने सँडविच कागदात गुंडाळलं. “येतो मी. आणि मिसेस कुबिचेक, या वेळी मी विचारायला कुणाला फोन करणार नाही.”

त्या रात्री पाळीवरून आल्यावर मार्लिस झोपली नाही. तिने पीठ मळलं, खसखशीचं सारण केलं, जर्दाळूचं केलं आणि पहाटेपर्यंत कोलाचे भाजले. गोल, मऊ पाव, मध्ये सारण. पोरांशी तिचं भांडण नव्हतं, आणि पन्नास उपाशी पोरं घरात नकोत नि नगरघरातही नकोत. वासाने केल्सी उठली.

“काय चाललंय, आई?”

मार्लिसने सांगितलं. सगळं सांगितलं. केल्सी ओट्याला टेकून ऐकत राहिली.

“मी येते,” ती म्हणाली.

“नको गं. तुला त्या खोलीत कशाला पुन्हा?”

“तू सोबत आहेस ना? म्हणजे कायदेशीर आहे.” आणि एप्रिलनंतर पहिल्यांदाच पोरीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मार्लिसला ते हसू थोडं भीतीदायक वाटलं, आपल्या बापाचं होतं ते, पत्त्यांत लबाडी करतानाचं.

पाचला शाळेच्या आवारात ट्रॅव्हिसच्या गाडीचा लाल-निळा दिवा फिरायला लागला तेव्हा पोरांना वाटलं काहीतरी मजा आहे. पुष्कळशांचे आईबाप कारखान्यात सकाळच्या पाळीला. पोराला आवारात सोडून ते केव्हाच पुढे गेले होते. ट्रॅव्हिसने एकेकाला विचारलं, आई कुठेय, बाप कुठेय. मग बसच्या ड्रायव्हरला म्हणाला, “बस शेताकडे नको. नगरघराकडे घे.” अशा रीतीने व्हर्न डंकलाऊच्याच पिवळ्या बसमधून त्याची फौज अटकेत गेली.

व्हर्न आला तेव्हा नगरघरात काळ्या पिशव्यांची सळसळ आणि पोरांचा गलका होता. एक जण फळ्यावर डुक्कर काढत होता. टेबलावर दोन पराती भरून कोलाचे. भिंतीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केल्सी बसलेली, शेजारी मार्लिस.

“हा काय पोरखेळ आहे?” व्हर्न दारातूनच गरजला. “ट्रॅव्हिस! अक्कल गहाण टाकलीस काय? पोरं बसमध्ये भर!”

“आईबाप आले की भरतो,” ट्रॅव्हिस म्हणाला.

“अरे आईबाप कारखान्यात आहेत!”

“निरोप ठेवलाय. त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात,” ट्रॅव्हिस म्हणाला. “जेवणाच्या सुटीत बघतील कदाचित.”

व्हर्नने घड्याळ पाहिलं. “ठीक आहे. सातला संपते ना संचारबंदी? सातला घेऊन जातो.”

“सातला संचारबंदी संपते, मिस्टर डंकलाऊ. बसवून ठेवणं संपत नाही. आईच्या किंवा बापाच्याच हातात.”

व्हर्नची नजर कोलाच्यांवर गेली. गरम होते अजून. गरम म्हणजे ताजे, ताजे म्हणजे कुणीतरी रात्रभर जागून भाजलेले, आणि आज इथे पन्नास पोरं येणार हे त्या कुणाला तरी आधीपासून माहीत असलेलं. तो सावकाश मार्लिसकडे वळला.

“तू.”

“खसखशीचा घे,” मार्लिस म्हणाली. “डेडाला तोच आवडायचा.”

“तुला कळतंय का तू काय करतेयस? नदीकाठचं शेत आज झालं नाही तर बाद होईल! संध्याकाळी तपासनीस येतोय! वर्षभराचं—”

“कळतंय ना. मीही बारा वर्षांची असल्यापासून खुडलेत तुरे. तुझ्या बापाच्या बसमध्ये बसून.”

“मार्लिस, ही तातडीची गोष्ट आहे!”

“तो शब्द तूच खोडलास, व्हर्न.”

पोरांचा गलका कमी झाला. मुलांना मोठ्यांचं भांडण फार लवकर कळतं. व्हर्नने रुमालाने मान पुसली. ओरडून चालत नाही म्हटल्यावर त्याने समजुतीचा आवाज काढला, पण आज तो आवाज नीट लागेना. त्याने दोन-तीन सभासदांना फोन लावले. एक जण म्हणाला तीनदा वाचल्याशिवाय कायदा बदलत नाही, तूच म्हणाला होतास. दुसऱ्याने फोन उचलला नाही. खिडकीत सूर्य आला. बाहेर गवतावरचं दव चमकायला लागलं आणि व्हर्न त्या दवाकडे असं बघत राहिला, जणू त्याच्या नजरेनेच ते टिकणार होतं.

आठच्या सुमारास बेव्ह तिच्या जुळ्यांना न्यायला आली. ती कारखान्यात नव्हती, तिला कुणीतरी कळवलं होतं. दारातच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “मार्लिस, अगं पोरांची आजची मजुरी गेली ना तुझ्या पायी!”

“गेली,” मार्लिस म्हणाली. “त्याचं वाईट वाटतंय मला. खरंच वाटतंय. पण बस जरा, आलीच आहेस तर.”

बेव्ह बसली. तमाशा सोडून जाणारी बाई ती नव्हे.

व्हर्नने बेव्हकडे पाहिलं, तिच्यामागून आलेल्या आणखी दोन-चार आयांकडे पाहिलं. माणसं जमली की त्याला हुरूप यायचा. तो खोलीच्या मध्ये आला, टोपी काढून छातीशी धरली.

“ठीक आहे. मार्लिसला माझ्याकडून माफी हवीय. सगळ्यांसमोर मागतो. मार्लिस, केल्सी, एप्रिलमध्ये जे झालं त्याचं मला दुःख आहे. एमिल माझाही मित्र होता. पण देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. एक पोरगी सापडलीय एवढंच मला सांगितलं. माहीत असतं तर मी—”

“माहीत होतं,” केल्सी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण इतक्या दिवसांनी ती घराबाहेर बोलली होती, म्हणून असेल, सगळे वळले.

“पोरी, तुझी काहीतरी—”

“मी याच खुर्चीवर बसले होते. ट्रॅव्हिस पलीकडे टेबलापाशी. तो फोन टेबलावर ठेवून तुमच्याशी बोलला, स्पीकर लावून, कारण त्याला लिहून घ्यायचं होतं. त्याने तुम्हाला सांगितलं, एमिल कुबिचेकची नात आहे. सांगितलं, वृद्धाश्रमातून फोन आलाय, म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय. दोनदा सांगितलं. मी मागून ओरडले पण, प्लीज म्हणून.”

मार्लिस तिच्याकडे वळली. “केल्सी,” ती कुजबुजली, “मला का नाही सांगितलंस?”

“तू त्यांना मारलं असतंस, आई. मग तुलाही नेलं असतं.” केल्सीने व्हर्नवरची नजर हलवली नाही. “काय म्हणाला होतात, आठवतंय का तुम्हाला?”

व्हर्नने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “रात्रीची वेळ. झोपेत होतो मी. माणूस काहीही—”

“तुम्ही हसलात,” केल्सी म्हणाली. “हसून म्हणालात, ‘म्हातारा कुठे जात नाही. त्याला म्हणावं, सकाळपर्यंत थांब.’”

 फळ्यापाशी उभ्या पोराच्या हातात खडू तसाच राहिला.

“खोटं आहे,” व्हर्न म्हणाला. “ट्रॅव्हिस, सांग ना यांना. तू होतास.”

ट्रॅव्हिसने बुटांकडे पाहिलं नाही. तो खिडकीपासून चालत आला आणि केल्सीच्या खुर्चीमागे उभा राहिला. “असंच म्हणालात तुम्ही,” तो म्हणाला. “शब्दन् शब्द. मी तेव्हाच तिला गाडीत घालून न्यायला हवं होतं. नेलं नाही. आयुष्यभर लक्षात राहील माझ्या.”

बेव्हने हात तोंडावर नेला. कोठारापाशीचा तो मुलगा, मोटारसायकलसकट, त्या क्षणी गावातून नाहीसा झाला. मार्लिसने बेव्हच्या चेहऱ्यावरून तो जाताना स्पष्ट पाहिला आणि तिला जे समाधान वाटलं ते सांगायला लाजायचं कारण नाही. छाती भरून वाटलं. व्हर्न एकेका आईकडे बघत होता आणि एकेक आई नजर फिरवत होती. त्याने दिलेल्या टोप्या घातलेली पोरंसुद्धा त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने बघितलं, उचलला नाही. मग तो केल्सीच्या खुर्चीसमोर आला. गुडघे टेकले नाहीत, पण वाकला. आवाज इतका खाली आला होता की बेव्हला ऐकायला पुढे सरकावं लागलं.

“चुकलं माझं. म्हणालो. म्हणालो मी तसं. आता पोरी, तू मोठ्या मनाची हो. तू सांगितलंस तर तुझी आई तक्रार मागे घेईल, ट्रॅव्हिस ऐकेल. जेवढी पोरं मिळतील तेवढी घेऊन जातो. दव वाळत आलंय. तासाभरात पराग सांडायला लागेल. तेवढंच शेत उरलंय माझं आता. तेवढं वाचव.”

 हे उत्तर द्यायचा हक्क आपला नाही, हे मार्लिसला तेव्हा कळलं. एप्रिलपासून ती जे शब्द घोकत आली होती ते सगळे तिने गिळले.

केल्सीने परातीतून खसखशीचा एक कोलाच उचलला, अर्धा मोडला, खाल्ला. मग बोटं पुसून तिने व्हर्न डंकलाऊकडे पाहिलं.

“मका कुठे जात नाही, मिस्टर डंकलाऊ,” ती म्हणाली. “त्याला म्हणावं, सकाळपर्यंत थांब.”